फ्रिजवर ठेवलेला रोडोपीचा पाव

मंजिरीताई म्हणाल्या, तू बल्गेरियाला जाऊन आलीस ना, मग मंडळाच्या दिवाळी अंकात लिही, आपल्यातलं कोणी गेलेलं नाही तिकडे. मी म्हटलं, ताई, मी बारावीला इंग्रजीत राहिलेली बाई, मला कुठलं लिहिता येतंय. तर म्हणाल्या, बोलतेस तसं लिही. म्हणून बोलते तसंच लिहितेय, आणि बोलताना मला दम लागतो हे तुम्हाला माहितीच आहे.

पण आधी एक सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही नीट सांगताच येणार नाही. पाडव्याच्या कार्यक्रमात आणि मग जूनच्या पिकनिकला तुमच्यापैकी किती जणींनी मला विचारलं, शौर्य चालायला लागला का गं? आणि मी म्हटलं, हो, थोडा थोडा, घरातल्या घरात. ते खोटं होतं. तो जूनमध्ये सोळा महिन्यांचा होता आणि सोफ्याला धरून उभा राहायचा, बास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अठरा महिन्यांपर्यंत बघू, नाहीतर थेरपिस्टकडे पाठवू. ते 'नाहीतर' ऐकल्यापासून मला जेवण जात नव्हतं. नितीन म्हणायचा, अगं होईल, माझा काका दोन वर्षांनी चालला. पण काका इथे नाही ना मला रोज विचारणाऱ्या बायकांसमोर उभा राहायला. तुमची मुलं दहाव्या महिन्यात पळत होती, मी आपलं शौर्यला कडेवर घट्ट धरायचे आणि हो म्हणायचे.

ट्रॉयहून

जुलैत नितीनच्या कंपनीने त्याला तीन आठवडे प्लॉवदिव्हच्या प्लांटवर पाठवलं. प्लॉवदिव्ह म्हणजे बल्गेरियातलं मोठं शहर, तिथे गाड्यांचे पार्ट बनतात. इथे मिशिगनमध्ये, ट्रॉयला, आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये व्हेस्का राहते, ती तिकडचीच, इथे एका वृद्धाश्रमात काम करते आणि दर उन्हाळ्यात आईकडे जाते. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच तुटकं, म्हणून आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. ती म्हणाली, नितीन प्लांटवर, तू हॉटेलात काय करणार, माझ्या आईकडे चल डोंगरात, एक आठवडा, तिकडे गार असतं.

मला तर सगळ्याचीच भीती. परत येताना एअरपोर्टवर आत घेतील का, विमानात शौर्यचे कान दुखले तर, तिकडचं पाणी बाधलं तर. बॅगेत मी अर्धी फार्मसी भरली, वर तांदळाचं पीठ, मेतकूट, आणि शौर्यचे नवे बूट, निळे, पांढऱ्या तळव्यांचे. चालत नसला तरी बूट रोज घालायचे मी त्याला. बूट असले की लोक कमी विचारतात.

डोंगरात वर

प्लॉवदिव्हपासून गाडी दक्षिणेकडे निघाली की तासाभरात डोंगर सुरू होतात. त्यांना रोडोपी म्हणतात. खाली नदी, वर पाइनची काळी झाडं, रस्ता असा वळतो की मी दोनदा गाडी थांबवून उलटी केली, व्हेस्का पाठीवर हात फिरवत म्हणते, "एव्हरी डॉटर-इन-लॉ डू लाइक धिस, फर्स्ट टाइम." वाटेत एका गावात मशीद आणि पुढच्या वळणावर चर्च, व्हेस्का म्हणाली पिढ्यान्‌पिढ्या असंच आहे, सणाला एकमेकांकडे ताटं जातात.

तिथली शेतं बघून मला वाटलं, अरे हे तर ओळखीचं आहे. डोंगराच्या उतारावर छोटे छोटे तुकडे, त्यात बटाटा, आणि काठ्यांवर चढवलेले घेवड्याचे वेल. त्यांचा घेवडा केवढा मोठा, दाणा अंगठ्याएवढा, जांभळा-काळा ठिपक्यांचा. खालच्या अंगाला तंबाखूची पानं दोऱ्यात ओवून वाळत घातलेली. आधी तिथे शिशाची खाण होती, व्हेस्काचे वडील त्यात होते, ती बंद झाली. मग लोकर विणायची सोसायटी होती, तीही बंद. आता तरणी माणसं स्पेनला, ग्रीसला, इंग्लंडला. "अँड मी, मिशिगन," व्हेस्का म्हणाली आणि रेडिओ मोठा केला.

गाव म्हणजे तीसेक घरं. खालचा मजला दगडी, वरचा पांढरा, लाकडी सज्जे, छपरावर कौलांऐवजी चपटे दगड. पण धूर चार-पाच घरांतूनच. शाळेला कुलूप, त्यावर गंज, अंगणात कंबरेएवढं गवत.

व्हेस्काची आई फाटकात उभी. झ्लाताआजी. तिकडे आजीला 'बाबा' म्हणतात, आणि आमच्या शौर्यला तेव्हा तेवढा एकच शब्द येत होता. त्याने तिला बघितलं आणि म्हणाला, बाबा. झालं. म्हातारी रडायलाच लागली. तिने त्याला घेतला नाही, आधी त्याच्याकडे तोंड करून तीनदा थू थू थू केलं. मी घाबरून मागे सरकले, तर व्हेस्का म्हणाली दृष्ट लागू नये म्हणून करतात. म्हटलं, मग ठीक आहे, आमच्याकडे मीठमोहऱ्या उतरवतात, तुमच्याकडे डायरेक्ट.

आणि मग तिने विचारलं, चालतो का?

तिकडे हो म्हणायला मान आडवी हलवतात आणि नाही म्हणायला उभी, हे व्हेस्काने विमानात मला दहादा सांगितलं होतं. घोळ नको म्हणून मी तोंडानेच म्हटलं, "दा." दा म्हणजे हो. सवयच झाली होती ना.

आजीने टाळी वाजवली. पुढचं व्हेस्काने भाषांतर करून सांगितलं. पाव भाजला का तुम्ही? नाही? कसं काय नाही? त्यांच्यात मूल पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्यासाठी एक मोठा गोल पाव भाजतात. जमिनीवर पांढरं कापड घालतात, त्याच्या टोकाला कात्री, पुस्तक, आरसा, हातोडी असं काय काय ठेवतात, मग पाव कापडावरून गडगडत सोडतात आणि मूल त्याच्या मागे चालत जाऊन एक वस्तू उचलतं. जे उचलेल तो धंदा करणार. आमच्याकडे उष्टावणाला ताटात पेन, पुस्तक, सोनं ठेवतात तसंच, फक्त आमचं बाळ बसलेलं असतं. पावाशिवाय चाललेलं मूल जन्मभर अडखळतं, असं आजी म्हणाली. म्हणून रविवारी पाव. तिने ठरवूनसुद्धा टाकलं. तो सोमवार होता.

आठवडाभर

आता खाण्याचं सांगते, नाहीतर मंजिरीताई म्हणतील रडगाणंच लिहिलं. बटाटा किसून त्यात कांदा, पुदिन्यासारखा एक पाला आणि चीज घालून मंद चुलीवर भलं मोठं थालीपीठ लावतात, दोघी मिळून ताटावर उलटतात. आजीने आणि मी उलटलं, निम्मं चुलीत गेलं, आजी मला काहीतरी बोलली आणि व्हेस्काने भाषांतरच केलं नाही. घेवड्याची आमटी रोज. दही तर असं की सुरीने कापावं, मी त्यात मेतकूट-भात कालवून शौर्यला दिला, आजीने चाखला आणि वाटीच घेऊन बसली. डोंगरातला एक रानचहा असतो, पांढरट काड्यांचा, कशावरही तोच, खोकला, पोटदुखी, जावई.

आजीच्या पलंगावर जाड लोकरीचं केसाळ पांघरूण होतं, तांबडं-पिवळं. हात लावला आणि मला एकदम माहेर आठवलं. मी आटपाडीकडची, आमच्या शेजारी घोंगडी विणायचे. आमची घोंगडी चिंचोक्याची खळ लावून कडक करतात, तिकडे उलट. विणलेलं पांघरूण लाकडाच्या मोठ्या पिंपात टाकतात, ओढ्याचं पाणी वरून असं सोडतात की आत भोवरा फिरतो, आणि दिवसभर गरगर फिरून लोकर फुलते. आजी मला ते पिंप दाखवायला घेऊन गेली. कोरडं होतं, फळ्या उकललेल्या. आता कोणी विणत नाही तर धुणार काय. मी म्हटलं आमच्याकडेही माग गेले, ते कसं सांगायचं म्हणून हातानेच दाखवलं, माग, आणि मग काही नाही. आजीने मान आडवी हलवली. हो.

आजीचा भाऊ आसेनकाका, वरच्या घरात एकटे राहतात, मेंढ्यांच्या घंटा बनवतात. पितळेच्या, लोखंडाच्या, नारळाएवढीपासून आवळ्याएवढीपर्यंत. अख्ख्या कळपाच्या घंटा एकमेकींशी सुरात जुळवायच्या, पेटीच्या पट्ट्यांसारख्या, एक जरी बेसूर लागली तरी ते कानस घेऊन बसतात. आता कळप दोनच राहिले, बाकी घंटा टुरिस्ट दाराला लावायला नेतात. "दाराला," आसेनकाका व्हेस्कामार्फत म्हणाले, "दार चरतं का?" मग डोळे मिटून त्यांनी एक घंटा हलवून दाखवली. मेंढरू चरतंय, असं वाजतं. बसलंय, वाजत नाही. पळतंय, असं. आणि चालतंय, असं, एक, मध्ये जागा, एक. मेंढपाळ झाडाखाली झोपून सगळं ऐकतो, सारखं मागे मागे फिरत नाही. हे म्हणताना एक डोळा उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण शौर्य माझ्या कडेवर होता. तो कायमच माझ्या कडेवर होता. दगडी अंगण, पायऱ्या, कोंबड्या, कुत्रा, मी खाली कसा ठेवणार?

आणि आजीचे फोन सुरू. खालच्या गावातली मावसबहीण येणार. शहरातून पुतण्या येणार, त्याची बॅगपाइपसारखी एक मोठी पिशवीवाली मुरली असते, बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची, तो वाजवणार. कोणी मेंढरू कापणार. पांढरं कापड तिने ट्रंकेतून काढलं, धुतलं, इस्त्री केली. मी मनात वार मोजायचे. मंगळवार, बुधवार. दार लावून खोलीत शौर्यची दोन बोटं धरून त्याला उभा करायचे आणि म्हणायचे, चल ना रे, चल ना राजा, एक पाऊल, आईसाठी. तो पाय वर घ्यायचा आणि धपकन बसून हसायचा. शुक्रवारी मी त्याला थोडी रागावले. थोडी नाही, ओरडलेच. तो रडला, मग मी रडले. नितीनला फोन केला, तो म्हणाला, अगं सांगून टाक ना सरळ. सरळ म्हणे. अख्खा डोंगर गोळा होतोय.

शनिवार

सकाळी आजी परातीत पीठ मळत होती, चुलीत लाकडं लावलेली. व्हेस्का कापड घडी करत होती. मी शौर्यला घेऊन दारात उभी राहिले आणि म्हटलं, व्हेस्का, तुझ्या आईला सांग, हा चालत नाही. मी खोटं बोलले. लोकांना येऊ नका म्हणून सांगा. मला तर आठवतही नाही कुठल्या भाषेत म्हटलं, व्हेस्का म्हणते निम्मं मराठीत.

व्हेस्काने सांगितलं. आजीने हात थांबवलेच नाहीत. मळता मळता काहीतरी बोलली.

व्हेस्का म्हणाली, "शी नोज."

"काय?"

"शी नोज सिन्स मंडे. शी सेज, लुक अॅट शूज."

आजी पिठाचे हात घेऊन आली, शौर्यच्या बुटाचं टोक कोपराने वर केलं. पांढरा तळवा. कोरा, दुकानातून आणल्यासारखा. पाच दिवस त्या धुळीच्या अंगणात राहून एक डाग नव्हता.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी विचारलं, मग माहिती होतं तर हा सगळा पसारा कशाला? फोन कशाला केले?

आजी बाकावर बसली. व्हेस्का एकेक वाक्य सांगत गेली. आजी म्हणाली, या गावात शेवटचा पाव माझ्या नातवासाठी भाजला, तो आता बार्सिलोनात दाढी करतो. त्यानंतर या घरात लोक आले ते फक्त मयताला. तू 'दा' म्हणालीस, मी म्हटलं, बरं, पोरगी खोटं बोलतेय, पण कारण तर मिळालं. लोक वर येतील. तर तू एक खोटं बोललीस, मी त्यावर एक बोलले.

मग माझ्याकडे बोट करून जोरात काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

"काय म्हणाली?"

"तुझ्या मुलाला खाली पाय आहेत हे त्याला कोणी सांगितलंय का?"

मला राग आला आणि हसूही आलं. आजीने बुटाचे बंद सोडले, मोजे काढले, आणि त्याला माझ्याकडून घेऊन जमिनीवर ठेवला, थंड फरशीवर, अनवाणी. मी हात पुढे केला, तिने पिठाच्या हाताने माझ्या हातावर एक फटका मारला. शौर्य बाकाला धरून उभा राहिला आणि परातीत बोट घातलं. चालला नाही. पण तो दिवस तो खाली होता, आणि मी बाकावर हात मांडीखाली दाबून बसले, नाहीतर ते आपोआप पुढे जात होते.

रविवार

वीस-पंचवीस माणसं आली. आजीने सगळ्यांना स्वतःच सांगितलं, चालत नाही हं अजून, पण तुम्ही आलात ना, बसा. मी मान खाली घालून उभी. खालच्या गावातली एक बाई माझ्याजवळ आली, म्हणाली माझा दोन वर्षांचा होऊन चालला, आता स्पेनमध्ये ट्रक चालवतो, आणि थांबतच नाही मेला, दोन ख्रिसमस झाले. एकीने शौर्यच्या पोटऱ्या दाबून बघितल्या आणि मान आडवी हलवली. ती मुरली सुरू झाली, आवाज एवढा खालचा की छातीत वाजतो, आणि म्हाताऱ्यांनी हात धरून फेर धरला, सावकाश. शौर्य त्यांच्या पायांमधून रांगत. माझा जीव टांगलेला, पण कोणी त्याला तुडवलं नाही, सगळे बघून पाय टाकत होते. इथे मॉलमध्ये मी त्याला स्ट्रोलरमधून काढत नाही, आणि तिथे एवढे पाय.

पाव मधोमध टेबलावर, गोल, वर पिठाचीच नक्षी. कोणी हात लावला नाही. मी म्हटलं, कापा ना, लोक आलेत. आजी म्हणाली, हा ज्याचा आहे त्याच्या पावलांनंतरच गडगडतो, आधी नाही. खायला दुसरं खूप आहे. आणि होतंही, मेंढरू, घेवडा, दही, मी दोनदा घेतलं.

आसेनकाकांनी खिशातून कोकराची घंटा काढली, आवळ्याएवढी. शौर्यच्या कमरेला आमचा काळा करदोडा असतो, तो त्यांनी सदऱ्याखाली हाताने चाचपला, हे काय म्हणून विचारलं, मी म्हटलं दृष्टीसाठी. त्यांना ते एकदम पटलं. घंटा त्याच करदोड्याला बांधली आणि म्हणाले, तू आता झाडाखाली बसून ऐकायचं.

निघायच्या दिवशी आजीने पाव मंद चुलीत परत सुकवला, टोस्टसारखा कडक, आणि त्या पांढऱ्या कापडात गाठ मारून मला दिला. म्हणाली, चालला की फोन कर. मी झोपलेली असले तरी कर. या वयात झोप कसली.

परत ट्रॉयला

एअरपोर्टवर ऑफिसरने विचारलं, एनी फूड? मी घाबरून सगळं सांगितलं, ब्रेड, सर, वन ब्रेड, व्हेरी बिग, फॉर माय सन वॉकिंग. त्याने गाठ सोडून पावावर टकटक केलं. "मॅडम, धिस इज ब्रेड?" मग शौर्यकडे बघितलं, त्याच्या पोटाजवळून घंटा वाजली, आणि तो हसून म्हणाला, वेलकम होम. त्या दोन शब्दांसाठी मी किती रात्री घाबरले होते.

आल्यावर मी स्वतःच डॉक्टरीणबाईंना फोन केला, अठरा महिन्यांची वाट बघितली नाही. आता दर मंगळवारी थेरपिस्ट येते, गोड मुलगी आहे, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, बूट काढा आणि त्याला खाली ठेवा. मी म्हटलं, हे मला एकीने सांगितलंय, पीठ लावून. पाव फ्रिजवर आहे. नितीन म्हणतो त्याने दरोडेखोर मारता येईल.

हा लेख मी गेले दहा दिवस तुकड्या-तुकड्याने लिहितेय, किचनच्या टेबलावर. इथपर्यंत लिहून झालं होतं आणि शेवट सुचत नव्हता. काल दुपारी पोळ्या करत होते. शौर्य हॉलमध्ये. रांगताना ती घंटा सारखी खुळखुळते, ते आता कानाला इतकं सवयीचं झालंय की मी ऐकतही नाही. ती थांबली. थांबली म्हणजे सोफ्याला धरून उभा राहिला, हे मला न बघता कळतं. मी पोळी तव्यावर टाकली.

मग घंटा एकदा वाजली. मग जागा. मग परत एकदा. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग एक, जागा, एक, जागा, एक.

मी पळाले नाही. पोळी करपली, ती उतरवली, स्टोव्ह बंद केला, हात पुसले. मग स्टूल ओढलं, फ्रिजवरचा पाव खाली घेतला, आणि गाठ सोडायच्या आधी फोन लावला. तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आजीने पहिल्याच रिंगला उचलला. मी फोन सरळ हॉलच्या दाराकडे धरला, आणि आम्ही दोघींनी ऐकलं.